मामांनी न पुसलेली जागा

मला चिखलीत काम मिळालं ते मामांमुळे, आणि ते आजपर्यंत टिकलं तेही मामांमुळे. हे पहिल्यांदाच लिहून टाकते. पुढचं लिहिताना माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मध्येच सोडून उठले तरी एवढं कागदावर राहील. मामांचं खरं नाव लिहीत नाही. गाड्या धुवायच्या सेंटरवर शेठपासून चहा आणून देणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. नावानं हाक मारली असती तर त्यांनी मान वर केली असती की नाही, शंकाच आहे.

मामा इंजिन साफ करायचे. आमच्या वॉशिंग सेंटरवर फोम मारणारे, काचा पुसणारे, गाडीच्या आतली धूळ ओढणारे बरेच होते. बॉनेटच्या खालचं सगळं मात्र मामांचं. बाहेरच्या बोर्डावर त्याला ‘इंजिन ड्रेसिंग’ लिहिलेलं होतं. मामांना ते पटायचं नाही. “आमी अंघोळ घालतो,” म्हणायचे, “नटवायचं काम शेठचं.”

आम्ही हिंगोलीकडचे. माझी शाळा सातवीतच सुटली. लग्न झालं, लेक झाली, आणि तिला सासूजवळ ठेवून आम्ही दोघं इकडं आलो. लेकीचे पप्पा चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं हेल्पर होते. ठेकेदारानं ब्रेक दिला की घरी बसायचं, बोलावलं की जायचं. कुरुळीत पत्र्याची खोली घेतलेली. खोली मिळाली की लेकीला आणू, असं आधी ठरलं होतं. मग ठरलं, पगार नीट झाला की आणू. मग ठरलं, स्वतःची गाडी घेऊन हिंजवडीच्या कंपन्यांना लावू, आणि मग आणू. ती फोनवर रोज विचारायची, “मम्मी, आज की उद्या?” मी म्हणायची, उद्या.

सेंटरवर झाडलोटीला बाई पाहिजे असं ऐकून मी गेले, तर शेठ म्हणाले, झाडायला माणूस आहे. मी वळले. तेवढ्यात मागच्या रॅम्पवरून आवाज आला, “ए पोरी, हात दाव.”

एक म्हातारा माणूस बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला. मला वाटलं हात बघतो की काय. त्यांनी तळव्याकडं पाहिलंसुद्धा नाही, मनगट पाहिलं. “बारीक हाय. हितनं खाली घाल. नट पडलाय, लागतोय का बग.”

मी घातला. काळोखात, तेलकट नळ्यांच्या मागं बोटाला काहीतरी लागलं. काढून दिलं. मामांनी तो नट फडक्यानं पुसला आणि शेठकडं न बघताच म्हणाले, “हिला ठिवा.”

“मामा, इथं बाई काय करणार?”

“तुजा हात जात न्हाई, माजा जात न्हाई, तिथलं करंल.”

मग बांगड्यांचा प्रश्न आला. काच फुटून इंजिनात पडली तर पंचाईत. मामा म्हणाले, “काढ.” मी म्हटलं, “मामा, तेवढं सांगू नका.” नवरा तिकडं प्रेसच्या मशीनपाशी उभा असतो, आणि मी इकडं मोकळ्या हातानं कशी राहू?  दुपारी मामा सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब घेऊन आले, वीतभर कापली आणि माझ्या पुढं टाकली. ती बाहीसारखी बांगड्यांवर ओढली की काचा जागच्या जागी गप्प. माझ्या माहेरच्यांनीही माझ्या सौभाग्याची एवढी काळजी केली नसेल.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर गाडी आली की ते बॉनेट उघडून आधी मनगटाची उलटी बाजू इंजिनच्या झाकणावर ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तशी. “ताप हाय अजून.” मग बसून राहायचे. गिऱ्हाईक घड्याळ बघत म्हणायचं, “मामा, मला हिंजवडीला मीटिंग आहे.”

“जावा की. गाडी ऱ्हाऊ द्या.”

काम चालू असताना कुणाला बघू द्यायचे नाहीत. “बाळंतिणीच्या खोलीत बाप्याचं काय काम?” एकदा एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, “मग मामा, तुम्ही कोण?” मामा म्हणाले, “सुईण.” आणि माझ्याकडं बोट दाखवून, “ही धाकटी.”

पाण्याची गन त्यांनी कधी आत मारू दिली नाही. ज्याला पाणी सोसत नाही, म्हणजे अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, हवा ओढायचं तोंड, त्याला साडीच्या दुकानाच्या पिशव्या बांधायच्या, वरून रबर. अर्धवट झालेलं इंजिन पाहिलं की न्हाऊन केसांना पंचे गुंडाळलेल्या बाया बसल्यात असं वाटायचं. पुढं साबणाचं पाणी, दाढीचा ब्रश, रंगाचा ब्रश आणि दात घासायचे जुने ब्रश. हे सगळं एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलेलं, “दाताचा ब्रश टाकायचा झाला तर हितं आणा.” मोठ्या मोठ्या गाड्यांतून उतरून लोक खिशातून जुना ब्रश काढून द्यायचे. मामा तो उजेडात धरून बघायचे. “साहेब, लई जोरात घासता. हिरड्या जातील.”

शेवटी नळ्यांना आणि प्लास्टिकला चमक यायला एक पातळ औषध लावतात. त्याला मामा लाली म्हणायचे. फडक्यावर थेंबभर घ्यायचे, लावायचे आणि निम्मं परत पुसून काढायचे. पट्ट्याच्या आसपास तर आणूच द्यायचे नाहीत, पट्टा घसरतो म्हणून. शेठ वैतागायचे. “मामा, जरा चमकू द्या ना. नवरी दिसली पाहिजे.”

“नवरी करतो. वय तू सांग तिचं, मी सांगणार न्हाई.”

शेठचा बाजूलाच जुन्या गाड्या विकायचा धंदा होता. त्यामुळं नवऱ्या रोज लागायच्या.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मामांनी उमेदीची सगळी वर्षं एका मोटार कंपनीच्या लाइनवर काढलेली. काम एकच, इंजिनच्या मागच्या भिंतीला वायरींचा जुडगा धरून ठेवणारी काळी प्लास्टिकची क्लिप दाबून बसवायची. गाडी पुढं सरकली की दुसरी. पूर्ण झालेली गाडी त्यांनी रस्त्यावरच पाहिली. प्लांट दुसरीकडं गेला, हातात थोडं देऊन घरी पाठवलं, बायको त्याच्या आधीच गेलेली, मूल नाही. सेंटरच्या मागच्या खोलीत शेठनं त्यांना राहायला जागा दिलेली. ते मॉडेल सेंटरवर आलं की मामा बाकी काही करायच्या आधी हात मागं घालून क्लिप चाचपायचे. “हाय,” म्हणायचे. तुटलेली निघाली तर त्या दिवशी जेवायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, “मामा, प्लास्टिकच ते.” ते म्हणाले, “माजं सगळं आयुष्य त्येच हाय, पोरी. प्लास्टिक तर प्लास्टिक.”

पहिली विजेवरची गाडी आली तेव्हा त्यांनी नेहमीसारखं बॉनेट उघडलं. आत सामान ठेवायचा एक टब आणि चार्जिंगची गुंडाळलेली वायर. मनगट कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी बॉनेट लावलं आणि म्हणाले, “ह्यात आजारी पडायलासुदिक काय न्हाई.” पुढं तशा गाड्या वाढत गेल्या. मामा कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसलेले दिसायचे.

आता त्या जागेबद्दल.

मामा सगळं इंजिन लख्ख करायचे, फक्त एक जागा सोडायचे. कधी बोटाएवढी, कधी रुपयाएवढी. तिथला काळा मळ तसाच. आम्ही सगळे ती तीट समजायचो. बाळाला न्हाऊ घालून गालाला काजळ लावतात ना, दृष्ट लागू नये म्हणून, तसं. गिऱ्हाइकांनाही ते आवडायचं. कुणी म्हणायचं, “मामा, माझ्या गाडीला तीट राहिली.” शेठ हसून सांगायचे, आमच्याकडची स्पेशालिटी आहे. मामा त्यावर कधी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

एका उन्हाळ्यात लेकीला कांजण्या निघाल्या म्हणून मी गावी गेले. तिथं असतानाच लेकीच्या पप्पांचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं काहीतरी वाईट झालं. “गाडी घेतली,” म्हणाले. शेठच्याच आवारातली, पांढरी, पिवळ्या पाटीची. मी खोलीत ठेवून आलेलं माझं सोनं आणि त्यांच्या भावानं दिलेलं, होतं नव्हतं ते सगळं शेठच्या हातात गेलं होतं. “जूनमध्ये पोरीला घेऊनच येऊ आता,” म्हणाले. मी लेकीला सांगितलं. या वेळी मी उद्या म्हणाले नाही, जून म्हणाले. तिनं पुरणपोळी मागितली.

मी परत आले तर गाडी खोलीसमोर उभी, हार घातलेला, चाकाखाली लिंबू ठेवून झालेलं. शेजारच्या बाया बघून गेल्या. लेकीच्या पप्पांनी मोठ्या हौसेनं बॉनेट उघडलं. आत आरसा. प्रत्येक नळी, प्रत्येक डबा चमकत होता. मी सवयीनं जागा शोधली. “मामांनी तीट नाही ठेवली?”

“होती की. अन् बोटभर कशाची? बॅटरीच्या मागं या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ. मातकट, तळहाताएवढी रुंद. म्हाताऱ्याला दिसंना झालं वाटतं. मीच पुसली. शेठनं चमकायची बाटली दिली फुकट, ती पण मारली वरून. कामून? छान नाही दिसत?”

मी छान म्हटलं. पण माझा स्वभाव घाबरा. मामांची जागा एवढी मोठी कधीच नसायची, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर गेल्या गेल्या मामांना पेढा दिला. “मामा, गाडी घेतली आम्ही. शेठकडचीच, ती पांढरी.”

मामांनी पेढा तसाच हातात धरला. “कुठली पांढरी? लगीनसराईच्या आदी टोचन लावून आनलेली?”

“मला माहीत नाही, मी गावाकडं होते.”

“शेठ तर म्हनला, ती बाहेरगावच्या डीलरला जाणार. त्यो उघडून बघंलच म्हणून मी…” ते थांबले. “माजी खूण व्हती त्येच्यात.”

“तीट ना? ती यांनी पुसली.”

 मामा हळू म्हणाले, “तीट न्हाई गं ती. जिथनं गळतंय, जिथं मोडलंय, तिथलं मी पुसत न्हाई. बघणाऱ्याला कळावं म्हणून. ती गाडी पाण्यात बुडालेली हाय. जिथवर पाणी चढलं तिथवर गाळाची रेघ व्हती. तेवढी मी ठिवली व्हती.”

“मग मामा, कधी सांगितलं का नाही कुणाला?”

“तीट म्हणून शेठनं चालू दिलं. खूण म्हणलो असतो तर दुसऱ्या दिवशी घालवला असता.”

त्यांनी पेढा डब्याच्या झाकणावर ठेवला, हात पुसले आणि मला म्हणाले, “नवऱ्याला फोन लाव. गाडी घिऊन ये म्हणावं, आत्ताच्या आत्ता.”

गाडी आली. शेठ ऑफिसातून बाहेर आले. दोन-तीन गिऱ्हाइकंही उभी होती. मामा म्हणाले, “शेठ, ही गाडी मागारी घ्या. ह्यांचं पैकं द्या.”

“मामा, डोकं ठिकाणावर आहे का? तुम्हीच साफ केलीत ना?”

“म्हणूनच सांगतो.”

“मग दाखवा ना, कुठं पाणी आहे.”

मामांनी बॉनेट उघडलं. दाखवायला काही नव्हतं. रेघ होती तिथं आता सगळ्यात जास्त चमक होती. लेकीचे पप्पा एकदा माझ्याकडं, एकदा मामांकडं बघत होते, आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मामांनी मनगट टेकवलं नाही, काही नाही. सरळ हात मागच्या भिंतीपाशी नेला. त्यांच्या लाइनवरचंच मॉडेल होतं. त्यांनी क्लिप चाचपली आणि ओढली. ती क्लिप एकदा बसली की न मोडता निघत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? कट्कन आवाज आला. त्यांनी तळहातावर दोन तुकडे ठेवले. आतल्या पोकळीत वाळलेला गाळ होता, बारीक, मऊ, नदीचा.

शेठनं नखानं तो उकरला, फुंकर मारली. “चाकणच्या रस्त्याची धूळ आहे ही. तिकडं ट्रकमागून फिरणारी कुठलीही गाडी खोला, हेच निघेल.” गिऱ्हाइकांतला एकजण हसला. शेठ लेकीच्या पप्पांना म्हणाले, “भाऊ, तुम्ही चालवून, बघून, सही करून घेतलीय. आणि काही असलं तरी पुसलंय तुम्हीच. आता मी काय करू?”

लेकीचे पप्पा तोंडातल्या तोंडात म्हणाले, “मीच पुसलं.” 

मग शेठ मामांकडं वळले. आवाज चढवला नाही. “मामा, खोली रिकामी करा संध्याकाळपर्यंत.”

“करतो. पोरीचं यात काय न्हाई. तिला काडायची न्हाई.”

“तिला कोण काढतंय?”

मी म्हटलं, “मामा, तुम्ही नाही तर मी पण नाही थांबत.”  मामा ब्रशचा डबा काखेत मारून उभे होते. म्हणाले, “गप बस. गाडी बसली की चूल तुज्याच हातावर हाय. तुजा हात हितं शिकलाय, हितंच चालव.”

गाडी बसलीच. मेच्या उन्हात आधी बरी चालली. हिंजवडीच्या कंपनीत लागली, लेकीचे पप्पा रोज शर्टाला इस्त्री करून जायचे. मग एकेक दिवा लागायला लागला, आधी मीटरवर, मग काच खाली होईना, मग सुरूच होईना. वायरींच्या आत हिरवा गंज चढलेला. एक मेस्त्री एक जोडायचा, दुसरीकडचं सुटायचं. एका सकाळी साहेब लोक आत बसलेले असताना ती फ्लायओव्हरखाली, पुढं-मागं गाड्यांची रांग असताना, बंद पडली ती पडलीच. लोक हॉर्न वाजवत होते. साहेब उतरून चालत गेले. लेकीचे पप्पा म्हणतात, त्यातला एकजण जाताना पाण्याची बाटली देऊन गेला, त्यानंच जास्त लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून गाडी नको म्हणून निरोप आला.

ते आता परत ठेकेदाराकडं आहेत. घरी फारसं बोलत नाहीत. हात धुतल्यावर पण पुसत बसतात. मी म्हणते, अहो, मामांनी तुम्हाला बोल लावला का? ते म्हणतात, लावला असता तर बरं झालं असतं.

जून आला आणि गेला. लेकीला गावच्याच शाळेत घातलं. ती आता फोनवर काही विचारत नाही. आजीशी बोलते, मला फोन दिला की “हं” म्हणते.

मी सेंटरवर आहे. मागचा रॅम्प माझ्याकडं आलाय. बोर्डावर तेच लिहिलेलं आहे. शेठ माझ्याशी वाईट वागत नाहीत. मामांच्या खोलीत आता फोमचे कॅन ठेवतात. नव्या गाड्यांच्या बॉनेटखाली टब, जुन्या गाड्या कमी होत चाललेल्या. हे काम तरी किती दिवस राहणार, या विचारानं मला पहाटे जाग येते आणि मग पत्र्याकडं बघत पडून राहते.

मामांचा पत्ता लागायला बरेच दिवस गेले. कुरुळीच्या पुढं आतल्या बाजूला मोडीत निघालेल्या गाड्यांचं आवार आहे, तिथं ते गेटवर बसतात. मी डबा घेऊन गेले. खुर्चीवर बसले होते, काठी मांडीवर. मला बघून म्हणाले, “पोरीला आनलंस?”

“नाही मामा.”

त्यांनी मान हलवली. डबा उघडला, भाकरी मोडली, बराच वेळ चावत राहिले. मी विचारलं, “इथं बरं आहे का?”

“बरं हाय. हितं कुनाला पुसायचं न्हाई. सगळ्या चिरायच्याच.”

“राहता कुठं?”

त्यांनी काठीनं दाखवलं. आत ओळीनं उभ्या गाड्यांत एक जुना टेंपो होता, चाकं काढलेली, विटांवर ठेवलेला. केबिनच्या काचेला आतून चादर लावलेली. दाराच्या मुठीला त्यांची बंडी वाळत घातली होती. ब्रशचा डबा टपावर.

“मामा, हा पण चिरायला आलेलाच ना?”

“आलेलाच की. त्येची पाळी आली की मालक सांगतो, मग बिऱ्हाड फुडच्या गाडीत. हा तिसरा.” भाकरीचा तुकडा त्यांनी भाजीत फिरवला. “ह्यो बरा हाय. पाय लांब व्हत्यात.”

आत कुठंतरी लोखंड कापायचं यंत्र चालू होतं. मी तोंड फिरवलं. मामांनी डबा धुवायला नेला, नळाखाली धरला, आणि मी बघत होते, त्यांनी झाकणाच्या खाचेतून बोट फिरवून तो इतका स्वच्छ केला की मला तो हातात घ्यायला कसंतरी झालं. निघताना त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, “बांगड्या जपतीस नव्हं?” मी हो म्हणाले.

त्यांना आमच्या खोलीवर चला म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही, कारण ती खोलीही घरमालक कधी सोडायला सांगेल त्याचा भरवसा नाही, आणि जमिनीवर तिघांना पाय लांब करता येत नाहीत. पण गेटमधून बाहेर पडताना मी मनाशी बोलले ते इथं लिहून ठेवते, म्हणजे मला फिरता येणार नाही. मामांची खोली आमच्यापायी गेली. ती मी त्यांना परत देणार. विटांची, दाराला कडी असलेली, कुणाची पाळी आली म्हणून सोडावी न लागणारी. कशातून देणार, मला माहीत नाही. आज तर रस्ताही दिसत नाही. पण देणार. मामा, तोवर तुम्ही त्या टेंपोत राहा, आणि तो गेला की पुढच्यात राहा, पण राहा.